घासलेलं पातेलं

नवऱ्यानं माझ्या दुधाच्या पातेल्यात सायकलच्या ब्रेकमधलं जुनं काळं तेल ओतलं आणि माझं जेवणच उडालं. शाईसारखं काळं, बुळबुळीत, वर जळक्या रबराचा वास. नरेंद्र म्हणाला, "मिनरल ऑइल आहे, विष नाही. घासलं की झालं." घासणार कोण, ते त्यानं सांगितलं नाही.

ही रोड सायकल दिवाळीत आमच्या बदलापूरच्या फ्लॅटमध्ये आली आणि हॉलमध्ये सोफा सरकवून त्याच्या जागी उभी राहिली. तिच्या ब्रेकला तार नसते. बारीक नळीत तेल भरलेलं असतं. हँडलवरचा लिव्हर दाबला की ते तेल पुढं रेटलं जातं आणि चाकाच्या चकतीला चिमटा बसतो. नळीत हवा शिरली की लिव्हर फुसका होतो. मग सिरिंजनं खालून नवं तेल चढवायचं आणि वरून बुडबुडे काढायचे. याला ब्लीडिंग म्हणतात. उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये हे काम चांगलं होतं, असं त्याच्या सायकलिंगच्या ग्रुपमधले चारचौघे सांगत होते. पण नरेंद्रनं दोन व्हिडिओ बघितले होते. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस कारागिराकडे कशाला जाईल?

घाई होती ती रविनासाठी. रविना जवळच्या चामटोली गावची, वय एकोणीस. रोज साध्या सायकलवरून अंबरनाथच्या कारखान्यात कामाला जाते आणि जाताना या ग्रुपच्या चकचकीत पुरुषांना सहज मागं टाकते. जिल्ह्याच्या निवडीसाठी तिची चाचणी रविवारी सकाळी बारवी धरणाच्या रस्त्यावर ठरली होती. चढाच्या माथ्यावर जमायचं आणि तिथून उतारानं सुटायचं. चांगली सायकल तिच्याकडे नव्हती. नरेंद्रनं ग्रुपवर जाहीर केलं की माझी देतो, ब्रेक स्वतः ब्लीड करून देतो. त्यावर इतके अंगठे आले की तो दिवसभर फोन बघून हसत होता.

शनिवारी दुपारी त्यानं स्वयंपाकघरात पथारी मांडली. जिज्ञासाच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या तापाच्या औषधाची सिरिंज घेतली. पोळ्यांच्या फडक्याला हात पुसले. फ्रिजच्या दारावर पाची बोटं उठवली. कॅम्प चारमधून आणलेलं नवं तेल अर्धं फरशीवर सांडलं, त्यात पाय देऊन तो हॉलभर फिरला. मी मुलीला घेऊन बाजारात निघून गेले.

परत आले तेव्हा काम झालेलं होतं. "बघ, दोन्ही ब्रेक किती कडक," म्हणून त्यानं मलाही लिव्हर दाबायला लावला. कडक होता खरा. तेल पुरलं का, असं विचारलं तर म्हणाला, पुरवलं. व्हिडिओ ग्रुपवर गेला. पुन्हा अंगठे.

रविवारी उजाडताच तो सायकल गाडीत घालून निघाला. बदलापुरात थंडी पडली की फरशीवर पाय ठेववत नाही, तसली ती सकाळ होती. जिज्ञासाचं डोकं धुवायचं म्हणून मी न्हाणीतली खोबरेल तेलाची बाटली घेतली. तेल गोठून पांढरा दगड झालेलं. त्यात नवल नाही, थंडीत कुणाच्याही घरी बाटली उन्हात ठेवावी लागते. पण परवा उघडलेली बाटली अर्धी झाली होती आणि तिच्यावर काळी बोटं होती. मी ओट्याखालची सिरिंज काढून हुंगली. खोबऱ्याचा वास.

तेल त्यानं असं पुरवलं होतं. दुपारच्या उन्हात पातळ होतं ते त्या बारीक नळीत रात्रभरात गोठलं असणार. लिव्हर कडक लागणारच, पण पुढं काही सरकणारच नाही. कडक लिव्हर बघून सगळे वाहवा करणार आणि ती पोर उतारावर सुटणार.

मी फोन लावला. दोनदा त्यानं कापला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मी सांगितलं, खोबरेल गोठलंय, चाक उचलून फिरव आणि ब्रेक दाब. मागं लोक हसत होते. तो हळू आवाजात म्हणाला, "अगं, सगळ्यांनी दाबून बघितलाय. आता सगळ्यांसमोर काय सांगू? मी तिला बोलतो, उतारावर जरा सांभाळून जा."

जरा सांभाळून. मला त्या काळ्या तेलाची आली नव्हती इतकी किळस त्या आवाजाची आली.

जिज्ञासाला शेजारच्या गंगूमावशींकडे सोडलं, बाटली डिकीत टाकली आणि स्कूटर काढली. हात गारठले होते आणि तोंडानं मी नवऱ्याला काय काय म्हणत होते ते लिहिण्यासारखं नाही. पोचले तेव्हा रविना हेल्मेटचा पट्टा लावून सायकलवर बसली होती, एक पाय जमिनीवर. नरेंद्र तिच्या शेजारी उभा राहून फोटो काढून घेत होता.

मी तिला उतरवलं. पुढचं चाक उचललं, फिरवलं आणि लिव्हर दाबला. लिव्हर कडक लागला. चाक फिरतच राहिलं. सगळे त्या चाकाकडे बघत राहिले आणि ते आपलं फिरतंय. मागचंही तसंच. रविनानं पुढच्या उताराकडे बघितलं, खाली वळणावर दरी होती. तिचा चेहरा उतरला.

आणि माझा नवरा बोलला. "मी बोललोच होतो, कॅम्प चारवाल्यांचं तेल म्हणजे डुप्लिकेट माल. फसवतात साले."

नाचता येईना अंगण वाकडं, हे ठीक. पण याचं अंगण दुसऱ्याच्या गावात. मी डिकीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि सगळ्यांसमोर उलटी धरली. थेंब पडला नाही. "हे ह्याच्या ब्रेकमध्ये आहे," मी म्हटलं. "कॅम्प चारचं नाही. आमच्या न्हाणीतलं."

नरेंद्र माझ्या कानाशी येऊन पुटपुटला की थंडीत गोठतं हे तू कालच सांगायचं होतंस. जन्म गेला याचा खोबरेल तेल डोक्याला चोपडण्यात.

रविनानं हेल्मेट काढलं, परत दिलं. झाडाला टेकवलेली आपली जुनी सायकल घेतली. "माजीच बरी," ती म्हणाली. "ब्रेक वरडतो, पन धरतो." आणि ती सुटली. वळणापर्यंत तिचा ब्रेक किंचाळत होता. इतका कर्कश आवाज मला कधी गोड लागला नव्हता.

घरी येताना नरेंद्रला एकच काळजी होती. कुणी व्हिडिओ काढला नसेल ना, असं त्यानं मला फोन करून विचारलं.

तो घरी आला, सोफ्याच्या हातावर टेकला आणि चहा मागितला. मी केला. आलं घातलं, साखर त्याला हवी तेवढी घातली, आणि पातेल्यासकट त्याच्यासमोर नेऊन कपात ओतला. त्यानं कप तोंडाजवळ नेला आणि थांबला. पातेल्याकडे बघितलं.

"यात केलास?"

"घासलंय," मी म्हटलं. "चारदा."

त्यानं कप हुंगला. पुन्हा पातेल्याकडे बघितलं. मग कप खाली ठेवला आणि हातानं दूर सरकवला.