उमसुनायचं विरजण

मेदेर रोज सकाळी कातडी पखालीतून वाडगाभर कुमीस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, काढायचा आणि दाराकडे पाठ करून प्यायचा. त्या वेळी त्याच्या वाटेला जायचं नाही, हे त्याची मुलगी चोल्पोन जाणून होती. ती गुपचूप शिंगरं बांधलेल्या दोरीकडे जायची, त्यांना सोडायची आणि घोडीची धार काढायला बसायची.

बायको उमसुनाय हिवाळा सरता सरता गेली. तिचे कपडे रीतीप्रमाणे नात्यातल्या बायकांनी वाटून नेले, खोगीर तिच्या भावाकडे गेलं. मेदेरकडे उरलं काय, तर तळघरात मातीच्या बरणीत तिनं थंडीभर जपलेलं कुमीसचं विरजण. उन्हाळ्यात कुरणावर तंबू ठोकल्याबरोबर त्यानं ते सगळंच्या सगळं पखालीत ओतलं, वर घोडीचं दूध घातलं आणि हात भरून येईस्तोवर रवी घुसळली. कुमीस तयार झाला, त्यानं पहिला घोट घेतला. चव तीच होती. आधी आंबट, मग धुरकट आणि अगदी शेवटी जिभेच्या टोकाला गोडसर. बाई मातीत गेली, पण तिची चव घरात होती.

"पी पोटभर," एकदा तो चोल्पोनला म्हणाला. "आहे तोवर आहे. एक दिवस हेही जाईल."

"कसं जाईल?"

"कसं म्हणजे काय? सगळं जातं तसं."

असल्या उत्तरानं गप्प बसायला चोल्पोन काही पूर्वीची चोल्पोन राहिली नव्हती. त्या उन्हाळ्यात कुरणावर जिपार एजेंनी शाळा मांडली होती; एजे म्हणजे थोरली ताई, बाईंना सगळे तसंच म्हणायचे. शाळा म्हणजे एक तंबू, खोगिराला टेकवलेला फळा आणि पायांना चिखल लागलेली अकरा-बारा पोरं. एजेंची खोड अशी, की काही विचारलं तर सांगायच्या नाहीत. "मी म्हणते म्हणून मानू नका, करून बघा," एवढंच म्हणायच्या. पोरांनी मटणाचा एक तुकडा उन्हात टांगला आणि एक बर्फात पुरला, तेव्हा मेदेरला राहवलं नाही.

"काय हो एजे, मटण सडवायला शिकवताय? आमच्याकडे ते न शिकताच येतं."

"येतं ना? मग सांगा बरं, का सडतं?"

पोरं खिदळली. मेदेरला राग आला, पण बाई मनातून आवडलीसुद्धा.

पुढे एजेंनी विचारलं, दुधाचा कुमीस होतो कशानं? घरोघरी जाऊन विचारा. पोरांना भलभलती उत्तरं मिळाली. शेजारच्या तंबूतल्या साइराकान आजी म्हणाल्या, पखालीच्या कातड्यानं. म्हाताऱ्या पुरुषांनी सांगितलं, पखालीला डोंगरातल्या आर्चा झाडाच्या लाकडाची धुरी देतात, तिनं. कुणी म्हणालं विरजणानं, कुणी म्हणालं घुसळण्यानं. मेदेर खाली बघत म्हणाला, "बाईच्या हातानं." एजेंनी सगळं फळ्यावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "एका वेळी एकच गोष्ट बदला. बाकी सगळं जसंच्या तसं. कळेल आपोआप."

त्याच सुमारास मेदेरच्या दोन घोड्या खिंडीपलीकडे भरकटल्या. पोरीवर लक्ष ठेवा, असं साइराकान आजींना सांगून तो शोधायला गेला. घोड्या सापडल्या, पण परतायला आठवडा उलटला. तंबू दिसायला लागला तेव्हा त्याच्या मनात एकच विचार होता, एक वाडगा थंडगार कुमीस.

चोल्पोन धावतच आली. गाल लाल, डोळ्यांत नुसता आनंद.

"बाबा, कळलं! मी शोधून काढलं! विरजणच!"

"काय विरजण?"

"कुमीस! धूर नाही, कातडं नाही, विरजणच! मी पखाल रिकामी केली, उकळत्या पाण्यानं तीनदा धुतली, पुन्हा आर्चाची धुरी दिली, ताजं दूध घातलं, तस्संच घुसळलं. कातडं तेच, धूर तोच, रवी तीच. फक्त विरजण नाही. आणि दूध नासलं! वास बघा हवं तर!"

मेदेर घोड्यावरून उतरला. लगाम त्याच्या हातातच राहिला.

"आधीचा कुमीस कुठाय?"

"खालच्या तंबूत लग्न होतं ना, त्यांना दिला. फेकला नाही हं."

"सगळा?"

"नाही! एजे म्हणतात, जुन्यातलं थोडं राखायचंच. एक वाडगा भरून झाकून ओढ्याच्या पाण्यात ठेवला होता. त्याचंच पुन्हा विरजण लावणार होते."

"आण."

आता कुठे तिनं बापाच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"पाहुणे आले होते, बाबा," ती हळूच म्हणाली. "एक म्हातारे आजोबा, लांबून, उन्हातनं. घरात नासकं दूध. मी त्यांना नुसतं पाणी देऊ? आई म्हणायची, आपल्या दारातनं कुणी कोरड्या तोंडानं गेलं तर ते घर कसलं. मी म्हटलं, थोडा पितील, तळाला राहील. पण त्यांनी वाडगा पार रिकामा केला. खूप आशीर्वाद दिले मला."

तिच्या वयाची कुठलीही मुलगी तेच करती. मेदेरनं स्वतःही तेच केलं असतं. पाहुण्याच्या हातातला वाडगा मागून घेणारा माणूस त्या डोंगरात अजून जन्मायचा आहे. हे सगळं त्याला उमगत होतं, आणि तरीही तो बोलायचं ते बोललाच.

"तुझी आई एकदा गेली होती. तू तिला दुसऱ्यांदा घालवलंस."

पोरगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उभी राहिली आणि चेहऱ्यावरचा तो आनंद, तो शोध लागल्याचा आनंद, बघता बघता विझला. मेदेरला वाटलं, आपली जीभ हासडून टाकावी. पण घोड्याला पाणी दाखवायचं निमित्त करून तो तिथून निघून गेला.

बातमी कानावर जाताच जिपार एजे आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"चूक माझी आहे, मेदेर. बदलण्याआधी घरी विचारा, एवढं तरी मी सांगायला हवं होतं."

"छे छे, तुमची कसली चूक," तो म्हणाला. "चांगलं शिकवलंत. उत्तर बरोबर आलंय तिचं. शाबासकी द्या."

एजे दारातूनच परत गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस शाळेच्या तंबूतून पोरांचा गलका ऐकू आला नाही.

हे सगळं का केलं, ते चोल्पोननं दुसऱ्या दिवशी पखालीसमोर बसून बापाला सांगितलं, तेही त्यानं न विचारता.

"तुम्ही म्हणालात ना, हेही जाईल. म्हणून मला बघायचं होतं, आई नेमकी कशात आहे. कातड्यात असती, नाहीतर धुरात असती, तर कधीच गेली नसती. मग तुम्हाला भीती वाटली नसती."

मेदेरनं तिला जवळ ओढलं. ती त्याच्या छातीशी लाकडासारखी ताठ राहिली.

शेवटी साइराकान आजी विरजणाचा गडू घेऊन आल्या. "उमसुनायनंच दिलं होतं मला, तू रांगत होतीस तेव्हा," त्या चोल्पोनला म्हणाल्या. "तिचंच आहे हे. उगाच रडगाणं लावलंय बापलेकीनं." मेदेरच्या काळजात एकदम आशा उसळली. त्यानं स्वतः दूध घातलं, स्वतः घुसळलं आणि कुमीस होईपर्यंत त्याचं चित्त कशात लागेना.

कुमीस झाला. त्यानं दोन वाडगे भरले, पण ओठाला लावायचा धीर होईना. चोल्पोननं आधी घोट घेतला. तोंडात धरला, डोळे मिटले आणि सावकाश गिळला.

"तोच आहे, बाबा," ती म्हणाली. "आईचाच."

मग मेदेर प्यायला. आंबट होता, झणझणीत होता, चांगला होता. इतकी वर्षं दुसऱ्या पखालीत, दुसऱ्या चुलीच्या धुरात, दुसऱ्या हाताखाली राहून तो साइराकान आजींचा झाला होता. शेवटी गोडसर काही आलंच नाही. त्यानं जिभेवर तसाच धरून वाट बघितली. नाही आलं.

त्यानं पोरीकडे बघितलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. ज्या जिभेवर आईचा कुमीस वाढला होता, त्या जिभेला फरक कळला नसेल असं थोडंच आहे? स्वतः न बघितलेली गोष्ट या मुलीनं जन्मात कधी खरी म्हणून सांगितली नव्हती. आज चाखून, पुरती खात्री करून ती खोटं बोलली होती, आणि ते त्याच्यासाठी.

"हो गं," मेदेर म्हणाला. "तोच."

"खरंच ना?"

"खरंच."

तिनं मान हलवली आणि वाडगा पुन्हा तोंडाला लावला. त्यानंही लावला. दोघं समोरासमोर बसून तो परका कुमीस तळापर्यंत प्यायले, आणि संपेपर्यंत दोघांपैकी एकानंही मान वर केली नाही.