पट्टीकाकांच्या पाकिटातलं कार्ड

आमच्या मंडळात म्हाताऱ्यांच्या इच्छा लिहून घ्यायचं काम माझं. इच्छा ऐकायला सोप्या, पुऱ्या करताना नाकी नऊ येतात. एका आजींना विमानात बसायचं होतं. बसवलं, तर खिडकी बंद करून झोपल्या!

वृद्धाश्रमातले पट्टीकाका यादीत शेवटचे. सैन्यात जखमींना उचलून आणायचे, पट्ट्या बांधायचे. अजूनही कुणाचं बोट कापलं की नर्सच्या आधी हेच हजर. मी वही उघडली, तसं त्यांनी पाकिटातून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं. त्यावर एका शिपायाचं नाव, नंबर आणि रक्तगट.

"ट्रकमध्ये दोघे जखमी होते," ते म्हणाले. "दोघांची कार्डं मीच लिहिली. एकाला वाटेत छावणीत उतरवलं, दुसऱ्याला इस्पितळात. परत आलो तर या दुसऱ्याचं कार्ड माझ्याच खिशात. म्हणजे याच्या गळ्यात मी पहिल्याचं बांधलं. पहिला पुढे भेटला, ठणठणीत होता. याला मात्र चुकीचं रक्त देऊन मारलं असेल, ताई. मीच मारलं असेल."

"मग चौकशी नाही केलीत?"

"केली असती तर उत्तर आलं असतं ना. बावन्न वर्षं हिंमत झाली नाही. आता उत्तर घेऊनच जायचंय."

मला रागच आला. बावन्न वर्षं! पण मी कार्डावरचं नाव आणि नंबर वहीत उतरवून घेतला.

माजी सैनिकांच्या कार्यालयाला मी तीन आठवडे फोन करून भंडावून सोडलं. शेवटी तिथल्या कारकुनाने जुन्या फायलीतला एक नंबर दिला. "माणूस आहे की नाही, ते मला विचारू नका," म्हणाला. मी आधी एकटीच फोन करणार होते, पण काका हट्टाला पेटले. त्यांच्या खोलीतच स्पीकर लावून नंबर फिरवला. एका बाईने उचलला. मी कार्डावरचं नाव सांगितलं.

"बाबा ना? अंघोळीला गेलेत. थांबता का?"

"अंघोळीला गेलाय," काका मला म्हणाले. मग पुन्हा एकदा म्हणाले.

दहा मिनिटांनी खरखरीत आवाज आला. काकांनी एका दमात सगळं कबूल करून टाकलं.

"ते कार्ड होय?" पलीकडचे आजोबा म्हणाले. "अहो, रक्त द्यायच्या आधी तिथे पुन्हा तपासलं. नर्स आठवडाभर भलत्याच नावानं हाक मारायची, एवढंच. पण थांबा, माझे बूट तुम्हीच कापलेत ना? कोरे करकरीत होते!"

"पाय सुजला होता तुमचा."

"डावा सुजला होता! उजवा बूट कशाला कापलात?"

काका हसायला लागले आणि हसता हसता ढसाढसा रडले. मीही पदर डोळ्यांना लावला, त्यात लाज कसली.

"नंबर काय तुमच्या बुटाचा?" काकांनी कसंबसं विचारलं.

"आठ. आणि कुणाहाती पाठवू नका, स्वतः घेऊन या."