मागची खोली, साठवणीची

मास्तरांना या सगळ्यातून मिळणार होते एकशे चाळीस चौरस फूट. फार नाही. एक पलंग, एक कपाट आणि दोन्हींच्या मधून अंग चोरून जाण्यापुरती वाट एवढंच त्यात मावतं. पण एवढ्यानं दोन खोल्यांच्या घराला तिसरी खोली जोडली जाते, आणि तिसरी खोली असलेला माणूस पाहुण्यांना घर दाखवताना जरा सावकाश चालतो.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. तीस वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर लक्ष ठेवून त्यांनी अर्धं गाव गाडीवर बसवलं होतं. घरीही पाय तिथंच असायचा. बायको बोलायला लागली की दुसऱ्या वाक्याला ब्रेक. बायकोला त्याची इतकी सवय झाली होती की ती अलीकडे पहिल्याच वाक्यात थांबायची.

त्यांच्या गल्लीत अठरा बैठी घरं होती. शहर वाढत वाढत गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं, कारण नगरपालिकेच्या नकाशात हा पट्टा पिवळा होता. पिवळा म्हणजे फक्त बैठी घरं. त्या वर्षी तो नारिंगी करायचं ठरलं. नारिंगी म्हणजे बारा मजले. रंग बदलणार म्हटल्यावर गल्लीतली माणसंही बदलली. वर्षानुवर्षं एकमेकांच्या पन्हाळीवरून भांडणारे लोक कमिटी करून बसले आणि औषधांच्या दुकानदाराला त्यांनी सेक्रेटरी केलं.

नियम दोनच होते, आणि औषधवाल्यांनी ते सगळ्यांना तोंडपाठ करवले होते. दहा वर्षं वेगळा स्वयंपाक करून गल्लीत राहणाऱ्या प्रत्येकाला, तो मालक असो वा नसो, नव्या इमारतीत हक्काची खोली, आणि ती घरमालकाच्या वाट्यातून वजा. आणि एका जरी घराबद्दल वाद निघाला, तर अख्ख्या गल्लीचा प्रस्ताव परत रांगेच्या शेवटी.

मास्तरांच्या घराच्या मागच्या खोलीत त्यांची थोरली बहीण राहायची. बावीस वर्षं. नवरा गेल्यावर ती आली तेव्हा वडील होते. वडील गेल्यावर घरावरचा हक्क सोडल्याचा कागद भावानं पुढे केला आणि तिनं तो वाचून, समजून, हसत सही करून दिला. बहिणीनं मागायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिला श्वासासारखं येत होतं. सहीनंतर सगळ्या नातेवाइकांनी तिचं भरभरून कौतुक केलं. कौतुकाला पैसे पडत नाहीत, म्हणून ते नेहमी सढळ हातानं होतं.

गल्लीत सगळे तिला ताईच म्हणत. ती शिंप्यांची काज-बटणाची कामं करायची. शर्टाचे गठ्ठे आणायचे, काजं शिवायची, बटणं लावायची, नेऊन द्यायचे. स्टोव्ह तिचा, भांडी तिची, वेळा तिच्या. भावाच्या स्वयंपाकघराची आणि तिच्या खोलीची भिंत एक. इकडून खोकला गेला की तिकडे ऐकू जायचा. पण त्या भिंतीतून बावीस वर्षांत खोकल्याखेरीज फारसं काही गेलं नव्हतं.

एका मंगळवारी सकाळी मास्तर तिच्या दारात आले. ताई सुईत दोरा ओवत होती. भाऊ दारात येऊन चार-सहा महिने तरी झाले होते, त्यामुळे ती आधी घाबरलीच.

"काय रे? बरं आहे ना सगळं?"

"अगं, बरं म्हणजे काय, उत्तम. उद्या मोजणीवाला येतोय. फोटो काढतात ते. म्हटलं, खोली जरा मोकळी दिसली तर बरं."

"म्हणजे पसारा आवरू?"

"पसारा म्हणजे... पलंग, स्टोव्ह, दोरीवरचे कपडे. एक दिवसाचा प्रश्न आहे. आणि तू जरा बागेत जाऊन बस. उगाच ते लोक हे विचार, ते विचार करतात."

ताईला वाटलं, त्याला लाज वाटत असेल. फोटोत जुनाट पलंग आणि काजळलेला स्टोव्ह कशाला? तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट भावानं आपल्याला घरच्या इभ्रतीत सामील करून घेतलं याचं थोडं बरंच वाटलं. माणसाला फार दिवस कुणी काही मागितलं नाही, की पहिलं मागणं त्याला मानासारखं वाटतं.

ती आवरायला लागली. आणि ताईचं आवरणं म्हणजे आवरणं. कॅलेंडर काढलं, त्याचा खिळा काढला, खिळ्याच्या भोकात साबणाचा चुरा भरून वर बोट फिरवलं. स्टोव्हमागची काळी भिंत चुना लावून पांढरी केली. फडताळातल्या कागदावर डब्यांचे गोल डाग होते, तर कागदच बदलला. दुसऱ्या कुणी आवरलं असतं तर एखादी पिन, एखादा केस, एखादं बटण राहिलं असतं. स्वतःला इतकं स्वच्छ पुसून टाकायला ताईच हवी होती.

पलंग एकटीनं उचलेना. भावजय आली आणि तिनं दुसरं टोक धरलं.

"जड आहे गं वहिनी. सांभाळ."

"असू दे ताई."

मागच्या पडवीत पलंग ठेवून झाल्यावर भावजय काहीतरी बोलणार होती. मग तिनं पदरानं हात पुसले आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ताई बागेत बसून राहिली. मांडीवर सहा शर्ट. अकरा वाजता आजूबाजूची बाकं भरली, एक वाजता रिकामी झाली. पाण्याची बाटली संपली. तीनला माळी येऊन म्हणाला, "कुणाची वाट बघताय का?" ती म्हणाली, "नाही, घरी काम चाललंय." सांगताना तिचं तिलाच लक्षात आलं, की दिवसभरात आपण बोललेलं हे पहिलं वाक्य.

संध्याकाळी परत आली तर खोलीत जुन्या टायरांची चळत, ड्रायव्हिंग स्कूलचे मोडके फलक आणि खोकी. मास्तर म्हणाले, "राहू दे गं चार दिवस." त्या रात्री तिनं टायरांच्या शेजारी चटई टाकली. चार दिवसांचे तीन आठवडे झाले.

नगरपालिकेच्या विभाग कार्यालयासमोर तिचा एक शिंपी होता. गठ्ठा देऊन निघताना तिला कार्यालयाच्या फलकाशी गर्दी दिसली. आपल्या गल्लीची यादी. हरकती असल्यास आठ दिवसांत कळवाव्यात. तिनं चष्मा लावून घर नंबर चौदा शोधलं. राहणारी कुटुंबं: एक. मागची खोली: साठवणीची, रिकामी.

तिनं ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मागून कुणीतरी म्हणालं, "झालं असेल तर सरका की बाई." ती सरकली.

संध्याकाळी तिनं भावाला विचारलं. भावजय भांडी विसळत होती.

"ते कागदावरचं आहे गं ताई," मास्तर म्हणाले. "तुला कोण बाहेर काढतंय? नव्या घरात आमच्यातच राहायचं."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? हॉलमध्ये. सोफा-कम-बेड घेणार आहे. चांगल्यातला."

"आणि तिसरी खोली?"

"ती बंद राहील. मुलगा परत आला तर? तिकडची नोकरी काय, आज आहे, उद्या नाही."

ताईनं जरा विचार केला. "रात्री त्याचा बेड होईल. दिवसा तो सोफा असेल. मग दिवसा मी कुठं असेन?"

मास्तर हसले. प्रश्न विनोदी होताच. भांड्यांचा आवाज मात्र थांबला होता.

खरं सांगायचं तर मास्तर दुष्ट नव्हते. बहिणीला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात उगारला नाही. ती आहे हे ते विसरत, इतकंच. आणि जे विसरलंच आहे ते कागदावर न लिहिणं म्हणजे त्यांना खोटं वाटत नव्हतं. असा माणूस वाईट माणसापेक्षा महाग पडतो. वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

ताईनं हरकतीचा अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहिला. चार ओळी. त्यावर शिक्का मारून घेतला आणि कुणालाही सांगितलं नाही. सांगण्याजोगं कुणी होतं कुठं?

सुनावणी कार्यालयातल्या लांबट खोलीत झाली. पंख्याखाली अधिकारी बाई, शेजारी मोजणीवाला, समोर खुर्च्यांवर अख्खी गल्ली. एकच हरकत आल्याचं कळल्यापासून खुर्च्या कुजबुजत होत्या. ताईचं नाव पुकारलं गेलं आणि कुजबुज थांबली. मास्तरांनी मागं वळून पाहिलं. बहीण आली आहे हे त्यांना तेव्हा कळलं.

"मॅडम, ही माझी बहीण," ते उठून म्हणाले. "आमच्याच घरात असते. वयोमान आहे. काहीतरी गैरसमज झालाय."

"मागच्या खोलीत कोण राहतं?"

"टायर," मास्तर म्हणाले, आणि दोन-चार लोक हसले.

"मी राहते," ताई म्हणाली.

"काही कागद आहे? विजेचं बिल, गॅसचं पुस्तक, काहीही तुमच्या नावाचं?"

"सगळं भावाच्या नावावर आहे."

अधिकारी बाईंनी मोजणीवाल्याचा फोटो पुढे सरकवला. "बघा आजी. इथं चूल नाही, अंथरूण नाही. भिंतीला साधा डाग नाही. इथं कुणी राहतं असं मी कशावरून म्हणू?"

ताईनं फोटो हातात घेऊन पाहिला. काम चोख झालं होतं. "हे मीच केलं," ती म्हणाली. "मोकळी दिसू दे असं सांगितलं होतं. मी दिवसभर घासत होते."

"कुणी सांगितलं?"

ताई भावाकडे बघत नव्हती. "सांगितलं कुणीही असो, ऐकलं मी. ती चूक माझी. पण राहते मीच."

बाईंनी खुर्च्यांकडे नजर टाकली. "तुम्ही सगळे शेजारी. या तिथं वेगळ्या राहतात, वेगळं शिजवतात, असं कुणी सांगेल का?"

कुणाला चपलेचा पट्टा सैल वाटला, कुणाला मोबाइल वाजल्यासारखा वाटला. त्या खोलीतल्या निम्म्या पुरुषांच्या गळ्याखालचं बटण ताईनं लावलेलं होतं. औषधवाले घसा साफ करून म्हणाले, "मॅडम, ही घरगुती बाब आहे. एका घरापायी सतरा घरांना कशाला वेठीला धरायचं? ताई, तुम्हीच विचार करा. एवढी वर्षं सगळ्यांचं चांगलंच पाहिलंत ना?"

ताईनं विचार केला असता. तिची ती सवयच होती. तिचा हात अर्जाकडे गेलाही, परत घ्यायला. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून भावजय उठली.

"त्या तिथं राहतात. पलंगाचं एक टोक मी धरलं होतं."

"खाली बस," मास्तर म्हणाले.

"बसते. बोलून बसते." ती अधिकारी बाईंकडे वळली. "बावीस वर्षं मी भिंतीपलीकडून त्यांचा स्टोव्ह ऐकतेय. सकाळी सहाला एकदा, संध्याकाळी सातला एकदा. माझं ऑपरेशन झालं तेव्हा सव्वा महिना माझं जेवण त्याच स्टोव्हवर झालं. यांना विचारा, हेही तेच जेवलेत."

"अगं, काय बोलतेस तू? प्रस्ताव परत जाईल!"

"जाऊ दे. तुम्हाला ताई विसरायला बावीस वर्षं लागली अहो. मला किती लागतील, याचा हिशेब मी भांडी घासताना करत होते. मीही कुणाची तरी बहीणच आहे. मीही माहेरी सही करून आलेय."

अधिकारी बाईंनी लिहून घेतलं. ताईनं अर्ज परत घेतला नाही.

प्रस्ताव आठ महिने मागे गेला. गल्लीनं त्या आठ महिन्यांत दोघींशी बोलणं टाकलं. शिंप्यांची कामं कुणाच्या तरी सांगण्यावरून एकेक करून कमी झाली. दळणाच्या रांगेत भावजय उभी राहिली की पुढच्या बायका घोळका करून वळायच्या. सत्कार वगैरे कुणी केला नाही. खरं बोलणाऱ्याचा सत्कार होतो तो बहुधा दुसऱ्या गल्लीत.

आता इमारत उभी आहे. पट्टा नारिंगी आहे, मजले बाराच आहेत. एकही कमी झाला नाही. औषधवाल्यांना रस्त्याच्या बाजूचं दुकान मिळालं. मास्तरांना दोन खोल्या मिळाल्या, त्यातली एक मुलाच्या नावानं बंद असते आणि मुलगा अजून आलेला नाही. ताईला दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. दारावर तिचं नाव आहे. त्या दाराशी भाऊ आलेला नाही. लिफ्टमध्ये गाठ पडली तर तो मजल्यांच्या आकड्यांकडे बघतो. दुपारी कधीतरी भावजय खाली येते. दोघींना काय बोलावं ते अजून नीट सुचत नाही, बावीस वर्षांचा सराव नाही. दोघी बसतात. मग ती वर जाते, जिथं तिच्याशी कामापुरतंच बोललं जातं.

आपल्याही इमारतीच्या फायलीत कुठंतरी अशी यादी असेल. काढून बघायला हरकत नाही. साठवणीच्या म्हणून लिहिलेल्या खोल्यांतलं कोण मोजणीच्या दिवशी बागेत जाऊन बसलं होतं, हे आपल्यातल्या कुणाला तरी ठाऊक असतंच.

शेवटची बेरीज एवढीच, की खोटं एकानं लिहिलं, गप्प सतरा घरं बसली, बारा मजले सगळ्यांना मिळाले, आणि किंमत भरली ती दोघींनी. एकीनं आपण आहोत असं सांगितलं म्हणून, आणि दुसरीनं ती आहे असं सांगितलं म्हणून.