कुळाच्या काठवटीची साक्ष

मी एक जुनी काठवट आहे. मित्रांनो, आफ्रिकेतल्या बुगांडा राज्यात, अळंबी कुळाच्या घरी एका सलग ओंडक्यातून मला कोरले, तेव्हा सरदार मुगेर्वा हयात होते. त्यांचे नाव घेताना आजही वाटेवरची माणसे आवाज खाली आणतात.

माझे काम मानाचे होते. कुळात बाळे जन्मली की त्यांच्या वाळलेल्या नाळा जपून ठेवत. मग एके दिवशी माझ्यात पाणी, दूध आणि केळ्याची दारू ओतून त्या सोडत. नाळ तरंगली तर बाळ कुळाचे, बुडाली तर आईचे काहीतरी चुकले, असे समजत. पण खरे सांगते, माझ्यात एकही नाळ कधी बुडाली नाही. एवढे मोठे कुळ आणि एकही नाही! मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पुढे लोक चर्चमध्ये जाऊन बाळांची नावे ठेवू लागले आणि मी कोठीत पडले. कोणी माझ्यात घेवड्याच्या शेंगा टाकल्या, तर कोंबडीने अंडी घातली. मला फार वाईट वाटे.

एके दिवशी मला घासूनपुसून अंगणात आणले. नाकिवू नावाची बाई आली होती. तिचे वडील लुक्यामुझी अंथरुणाला खिळले होते. ते सरदारांचे लग्नाबाहेरचे पोर, अशी जुनी कुजबुज होती. केळीबागेत सरदारांजवळ आपल्याला पुरावे, एवढीच त्यांची शेवटची इच्छा होती.

सरदारांचा नातू मुलोंडो आता कुळाचा प्रमुख होता. तो संशयानेच बघत होता.

"दादा, आजीने बाबांना जन्मात अळंबी खाऊ घातली नाही," नाकिवू म्हणाली. "आपल्या कुळाला ती वर्ज्य ना?"

"आधी नातं सिद्ध कर, मग दादा म्हण! तुझ्या आजीला अळंबीने उलट्या झाल्या होत्या, हे गावाला ठाऊक आहे."

"बाबांचे कान सरदारांसारखेच आहेत."

"असे कान तर बाजारात चार जणांचे सापडतील."

मलाही त्याचे पटत होते. पुरावे सगळे लंगडे होते.

"पण नाळ?" नाकिवू हटेना. "ती याच काठवटीत तरंगली. विचारा आत्याआजींना!"

आत्याआजी म्हणजे सरदारांची धाकटी बहीण नाम्पिमा. नव्वदी उलटलेली ती म्हातारी चटईवर डुलक्या घेत होती. नाळा सोडायचे काम तिचेच असे.

मुलोंडोने माझ्यात पाणी ओतले आणि नाळेऐवजी सुक्या मांसाचे दोन तुकडे घेतले. एक तसाच टाकला, तो तळाशी गेला. दुसऱ्यावर लोण्याचा जाड थर थापून टाकला, तो मजेत तरंगू लागला.

"बघितलंस? लोणी लावलं की काहीही तरंगतं! आत्याआजी, खरं सांग, हिच्या बापाच्या नाळेला लोणी लावलं होतंस ना?"

"लावलं होतं की," म्हातारी म्हणाली.

नाकिवूने मान खाली घातली. मुलोंडो हसला.

"दात काय काढतोस रे?" म्हातारी कडाडली. "त्याच दिवशी तुझ्या बापाचीही नाळ सोडली होती. तिला दुप्पट लावलं होतं!"

मुलोंडो माझ्यात डोकावला. पाण्यात त्याला स्वतःचे कान दिसले असतील. ते सरदारांसारखे मुळीच नाहीत, हे मी इतकी वर्षे बघत आले आहे.

तो खाकरला. "ताई," तो म्हणाला, "बाबांना विचार, फणसाखालची जागा चालेल का? सरदारांपासून दहा पावलांवर आहे."

मित्रांनो, सरदार लुक्यामुझींचे बाप होते की नाही, हे मला आजही माहीत नाही. मला फक्त लोणी माहीत आहे. मला कोरडी ठेवा, वाळवीपासून जपा, हवे तर माझ्यात शेंगा ठेवा. पण कोणाचा बाप कोण, हे मात्र मला पुन्हा विचारू नका.