मी संयोगिताच्या गालावरचा डाग

साहेब, त्या पोरीचं तोंड तुम्ही जाळलंत. तुम्ही स्वतःच्या हातानं काही लावलं नाही, ते मला ठाऊक आहे. पण कोणतं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, हे बघायला तुम्हाला खुर्ची दिली होती. तुम्ही खुर्ची तेवढी घेतली. बघायचं राहून गेलं.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. हे बोलणं तुम्हाला नाही. तुम्हाला मी माझी हकिगत सांगतो, म्हणजे मी एवढा का तापलोय ते कळेल.

मी एक जुना डाग आहे. वांगाचा डाग. कोडोलीच्या संयोगिताच्या दोन्ही गालांवर मी पसरलेलो आहे. थोडा कपाळावर, थोडा वरच्या ओठावर. रंगानं काळ्या चहासारखा. मी दुखत नाही, खाजत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तरीही मला बघून लोक तोंड वाकडं करतात.

माझा जन्म तिची धाकटी लेक स्नेहल पोटात असताना झाला. ती पोटात आणि मी गालावर, असे आम्ही बरोबरच वाढलो. म्हणून मी तिला माझी बहीणच मानतो. माणसाच्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. ऊन लागलं की त्या रंग बनवतात आणि आतल्या कातडीवर छत्री धरतात. गरोदरपणात शरीरातली हार्मोन्स बदलतात, ती या पेशींना उगाच चेव आणतात. त्यात संयोगिता भर उन्हात उसाची भांगलण करत, तण काढत होती. तिच्या आईच्या गालावरही वांग होता. एवढं सगळं जुळल्यावर मी न येऊन करतो काय?

तेव्हा माझं कौतुकसुद्धा झालं. बायका मला निरखून बघायच्या आणि पोटात मुलगी आहे की मुलगा ते सांगायच्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि त्यांनाही कळत नव्हतं. पण माझ्याकडं बघून कुणी हसलं, ते तेवढंच.

आमचं गणगोत मोठं आहे. मुरूम फोडला की मागं राहतो तो काळा डाग माझा चुलतभाऊ. गोऱ्या नाकावर तिळाएवढे ठिपके दिसतात, ते लहानपणापासूनचे. म्हाताऱ्या माणसांच्या गालावर आणि हातावर तपकिरी टिकल्या येतात, त्या जन्मभराच्या उन्हाच्या. मानेवर मखमलीसारखा काळा पट्टा येतो, तो घासून जात नाही. वजन आणि साखर तपासून घ्या, असं तो सांगत असतो. मी स्वतः कधी कातडीच्या वरच्या थरात असतो, कधी खोल. वरचा असलो तर लवकर फिका पडतो. खोल असलो तर वर्ष वर्ष हलत नाही. काही गोळ्यांनी येतो, चुलीच्या धगीनं वाढतो. आता मला सांगा, एवढ्या तऱ्हेच्या डागांवर एकच ट्यूब कशी चालेल? पण कोडोलीत चालली.

त्याआधी माझ्यावर काय काय झालं ते ऐका. कुणी म्हणालं रक्त खराब आहे, कुणी म्हणालं पोटात उष्णता आहे. संयोगितानं मला हळद लावली, बटाटा लावला, दात घासायची पेस्ट लावली. आंघोळीच्या दगडानं घासलं. घासलं की कातडी चिडते आणि चिडली की आणखी रंग बनवते. एकदा तर तिनं लिंबू चोळलं आणि तशीच वैरणीला गेली. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजते. गालावर फोड आले आणि मी होतो त्याच्या दुप्पट काळा झालो. नावं मात्र मलाच ठेवली.

मग ट्यूब आली. संयोगिताची चुलत सासू चिमणाबाई हिच्या नातवाला नायटा झाला होता. औषधाच्या दुकानदारानं चिठ्ठी न विचारता एक ट्यूब दिली. नातवाची खाज थांबली. उरलेली ट्यूब चिमणाबाईनं स्वतःच्या तोंडाला लावून बघितली आणि आठवडाभरात तोंड उजळलं. झालं. महिला बचत गटाची बैठक व्हायची, हप्ते जमा झाले की ट्यूब निघायची. लोणच्याची फोड वाढावी तशी चिमणाबाई एकेकीच्या बोटावर थोडी थोडी पिळायची. आमच्या गावात चांगली गोष्ट एकटीनं खायची रीत नाही. तांब्यातलं ताक असो नाहीतर औषध असो, वाटून घ्यायचं. मनं साफ होती. ट्यूबमध्ये काय आहे ते मात्र एकीलाही माहीत नव्हतं.

ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. मित्रांनो, हे औषध वाईट नाही. डॉक्टर सांगेल तिथं आणि सांगेल तेवढेच दिवस लावलं तर कामाचं आहे. पण तोंडाला महिनोन्‌महिने लावायचं ते नाही.

संयोगितानं मग दुकानातून स्वतःची ट्यूब आणली आणि मी फिका पडत गेलो. संयोगिता पहिल्यांदा पदर मागं सारून दूध संस्थेत गेली. चिमणाबाई म्हणाली, "संयोगिता, आता म्हस तुला वळखायची न्हाय गं. धारंला बसलीस की लाथ घालंल." सगळ्या हसल्या, संयोगिताही हसली. मग हळूहळू तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली. गालावर लाल शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव वाढली. चुलीपुढं बसलं की तोंडाची आग व्हायची. घाबरून तिनं ट्यूब सोडली, तर मी पहिल्यापेक्षा गडद होऊन परत आलो. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. आपलंच रक्त खराब, असं तिनं ठरवून टाकलं.

पण घरातली ट्यूब घरातच राहिली आणि स्नेहलनं ती उचलली. तिच्या गालावर मुरमांचे चार डाग होते. लग्नाचं बघणं सुरू झालेलं. शाहूवाडीकडचं स्थळ आलं. मुलगा विश्वजित, नोकरीला, स्वभावानं शांत. त्याच्या थोरल्या काकूनं स्नेहलची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि पोरगी उजळ हाय म्हणून पसंती दिली. सुपारी फुटली. साखरपुड्याची तारीख धरली. आता तिला उजळ राहणं भाग होतं, म्हणून ती सकाळ-संध्याकाळ ट्यूब लावायला लागली. मी आईच्या गालावरून सगळं बघत होतो. मला तोंड नाही, ओरडणार कसा?

स्नेहल मामाकडं राहायला गेली तेव्हा ट्यूब घरी राहिली. परत आली ती लालभडक तोंड घेऊन. बारीक पुटकुळ्या, सूज, वारा लागला तरी डोळ्यांत पाणी. संयोगिता तिला घेऊन कोल्हापुरात शाहूपुरीतल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. त्यांनी नीट समजावून सांगितलं. कातडीला या औषधाची सवय लागली आहे. सोडलं की भडकणार, आणि शांत व्हायला कित्येक आठवडे, कदाचित महिने लागतील. मधेच परत लावलं तर तोंड लगेच शांत दिसेल, पण आतून आणखी बिघडेल. डाग ही पुढची गोष्ट. आधी ऊन टाळायचं आणि दिलेलंच औषध लावायचं.

साखरपुडा तर दारात आलेला.

त्या संध्याकाळी घरात भांडण झालं नाही, पण जेवण कुणाला गेलं नाही. स्नेहलचे वडील बाळासो सारखं हेच बोलत होते, की हॉल सांगितलाय, पावणं काय म्हणतील. चिमणाबाई तर ट्यूब घेऊनच आली होती.

"चार दिस लाव गं बाई. साखरपुडा झाला की सोड," ती म्हणाली.

स्नेहलनं हात पुढं केला. संयोगितानं मधेच ट्यूब काढून घेतली आणि चुलीत टाकली. "माझं तोंड गेलं त्ये गेलं, आत्याबाई. हिचं न्हाय जाऊ द्यायची."

मग तिनं स्वतः विश्वजितच्या काकूला फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. लपवून दाखवायची आमची तयारी नाही, म्हणाली. पलीकडून उत्तर आलं, की तोंड बरं झालं की बघू. तारीख मोडली. विश्वजितनं स्नेहलला तब्येत विचारणारा एक फोन केला. लग्नाचं काही बोलला नाही. अजून कुणीच काही बोललेलं नाही.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच. उन्हात जाताना टोपी घाला, छत्री घ्या, तोंड झाका. डॉक्टरनं सांगितलेलं, उन्हापासून वाचवणारं मलम लावा. मुरूम फोडू नका, डाग घासू नका. दुसऱ्याची ट्यूब आपल्या तोंडाला लावू नका. आणि कुणाच्या गालावर माझ्यासारखा डाग दिसला तर टक लावून बघू नका. त्या बाईनं पाप केलेलं नसतं, तिनं उन्हात काम केलेलं असतं.

पण हे सगळं तुम्ही पाळायचं आणि साहेबांनी काहीच नाही, असं कसं चालेल? संयोगिता औषधाच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, सगळेच विकतात, मला आजवर कुणी अडवलंय? म्हणून ती आज कोल्हापूरला, औषध दुकानं तपासणाऱ्या साहेबांच्या या कचेरीत आली आहे. स्नेहल शेजारी बसली आहे, तोंडावरचा स्कार्फ काढून. साहेबांनी दोघींची तोंडं बघितली आणि विचारलं, "बाई, तुम्ही लावलीच कशाला?"

मला वाटलं, आता ही नेहमीसारखी मान खाली घालून उठणार. ती उठली नाही.

"दुकानात मिळाली म्हणून लावली, साहेब. का मिळाली त्ये तुमी सांगायचं. आमी बसतो हितं."

साहेब आता मोबाइल बघताहेत. बघू द्या. शिपाई दोनदा येऊन गेला, संयोगिता हललेली नाही, आणि तिच्या गालावरून मी कुठं जाणार? एकच विचारतो. ज्या ट्यूबवर चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं आहे, ती कोडोलीत चिठ्ठीशिवाय विकली जाते, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे? माहीत नव्हतं म्हणू नका. बोला साहेब.