बोगद्यातली शांतता

ग्रंथपालाची मोटरसायकल गार असेपर्यंत अगदी सज्जन होती. घरापासून चढ चढून बोगद्याच्या तोंडापर्यंत अकरा मिनिटं ती तक्रार न करता धावायची. बोगद्यात शिरली, की चारशे पावलांवर मान टाकायची.

बोगदा सव्वा किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना ओल आलेली भिंत, कडेला उभं राहायला वीतभर जागा, आणि मागून बंदराकडे धावणारे ट्रक. सोमवारी गाडी पहिल्यांदा तिथे बंद पडली. मागून असा हॉर्न वाजला, की ग्रंथपालाला एका क्षणात सगळे चुलतभाऊ आठवले, न बोलणारेसुद्धा. मागे बसलेली बायको मात्र निवांत उतरली. ती बंदरात क्रेन चालवायची. तीस टनांचा कंटेनर हवेत लटकत असताना तिला जांभई येत असे. तिने हात वर करून ट्रक थांबवला आणि म्हणाली, "अहो, ढकला. की या ट्रकवाल्यालाही पुस्तक हवंय?"

मंगळवारी पुन्हा तेच. त्या वेळी ट्रक थांबला तो बायकोच्या पाठीपासून दोन हातांवर. तिने तेही हसण्यावारी नेलं. ग्रंथपालाला दोन हात म्हणजे नेमके किती, हे दिवसभर दिसत राहिलं. टेबलाची रुंदी दोन हात. कपाटापासून खिडकी दोन हात. पहिली बस आठला सुटायची आणि बायकोची शिफ्ट सातला लागायची. म्हणजे गुरुवारी पुन्हा बोगदा, पुन्हा ती मागच्या सीटवर. तिच्या आणि ट्रकच्या मधे काहीच नाही.

बुधवारी तिची सुट्टी होती. ग्रंथपालाने दुपारीच गाडी मिस्त्रीकडे नेली.

"काय होतं नेमकं?" मिस्त्रीने विचारलं.

"गरम झाली की बंद पडते. दहा मिनिटं काही बोललं नाही, की पुन्हा चालू होते."

"म्हणजे आमच्या थोरल्या मेहुण्यासारखी."

मिस्त्रीने प्लग बदलून पाहिला. टाकीच्या झाकणातल्या भोकात फुंकर मारून पाहिली. हवा आरपार गेली. कार्बोरेटर उघडून साफ केला. मग पाच मिनिटं गाडी जागेवर चालवली, तर ती पाहुण्यांसमोरच्या मुलासारखी गुणी निघाली.

"मधे दुसऱ्या कुणी हात लावला होता का हिला?" मिस्त्रीने सहज विचारलं.

"छे, छे," ग्रंथपाल म्हणाला.

हे खोटं होतं. पंधरा दिवसांपूर्वी इंजिनातून बारीक टिकटिक येऊ लागली होती. सव्वीस वर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली बसून लोकांना "श्श" करणाऱ्या माणसाला ती सोसेना. मिस्त्री म्हणाला होता, "वाजू द्या, वाजतंय तोवर बरं आहे." तेव्हा गेल्या रविवारी ग्रंथपाल गुपचूप वाचनालयाशेजारच्या फिटरकडे गेला. त्याने टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपा दाबणारे स्क्रू, असे करकचून आवळले, की इंजिन गप्पच झालं. ग्रंथपालाला इतका आनंद गेल्या सव्वीस वर्षांत कुठल्याही वाचकाने दिला नव्हता.

आता हे सांगायचं कसं? मिस्त्रीच्या डोक्यावर ठळक पाटी होती : 'दुसरीकडे उघडलेली गाडी इथे आणू नये.' ग्रंथपाल पाट्या पाळणारा माणूस. शिवाय मिस्त्रीने गाडी तशीच परत दिली असती, तर उद्या बायकोला कशावर न्यायचं?

"उभ्या गाडीचं दुखणं कळत नाही," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "चला पुस्तकवाले, पडते तिथे न्या. मी मागे बसतो."

"तिथे? आत?"

"मग काय, ती पत्र पाठवून कळवणार आहे?"

चढ संपला. बोगद्यात उजेड मागे राहिला. इंजिन मऊ झालं, एकदा उचकी लागल्यासारखं हललं आणि बंद पडलं. मग जी शांतता झाली, तिच्याइतकी भयंकर शांतता त्याने आयुष्यात राखली नव्हती.

मिस्त्री उतरला आणि शांतपणे किक मारू लागला. "मऊ लागतेय. दाबच नाही. का बरं?" तो चक्क उकिडवा बसला आणि इंजिनाजवळ कान नेऊन विचार करू लागला.

मागच्या वळणावर दोन दिवे उगवले.

"मिस्त्री, ट्रक आला!"

"येऊ द्या. दाब कुठे जातोय हे कळल्याशिवाय मी उठत नाही."

दिवे मोठे झाले. भिंत थरथरू लागली. "मी टॅपेट आवळून घेतलेत," ग्रंथपाल पुटपुटला.

"काय? मोठ्याने बोला!"

"टॅपेट!" ग्रंथपाल आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. "फिटरकडून! आवाज नको म्हणून! मी खोटं बोललो!" बोगद्याने ते सगळं तीनतीनदा म्हणून दाखवलं.

मिस्त्रीने त्याला कॉलरला धरून भिंतीला चिकटवलं, दुसऱ्या हाताने गाडी ओढली. ट्रक गेला. त्याच्या वाऱ्याने ग्रंथपालाचा चष्मा नाकावर वाकडा झाला.

"हे गॅरेजात सांगितलं असतंत," मिस्त्री म्हणाला, "तर इथे मरायला यावं लागलं नसतं."

बाहेर आल्यावर मिस्त्रीने समजावलं. टॅपेटला गार असताना कागदाएवढी फट लागते. गरम झालं, की लोखंड फुगतं आणि फट भरते. फटच नसेल, तर व्हॉल्व्हची झडप मिटत नाही; दाब निसटतो, गाडी मरते.

"कोणत्या कागदाएवढी?" ग्रंथपालाने विचारलं.

मिस्त्रीने गाडी गॅरेजाकडे वळवली. "सकाळी सहाला या. गाडी रात्रभर गॅरेजात गार होऊ दे. आणि वहिनींना घेऊन या."

सकाळी मिस्त्रीने पातळ पट्टी घालून फट लावली आणि पट्टी पुसता पुसता वहिनींना सगळं सांगितलं. बायको हसली नाही. हे फारच वाईट होतं.

"टिकटिक नको," ती हळूच म्हणाली, "म्हणून मला ट्रकपुढे बसवलंत?"

"मला माहीत नव्हतं गं."

"खोटं बोलायचं ते तर माहीत होतं."

ती मागे बसली, पण नेहमीसारखा खांद्यावर हात ठेवला नाही. अकरा मिनिटं झाली. बोगदा आला. चारशे पावलं. ग्रंथपाल इंजिन ऐकत होता. ते टिकटिकत होतं. मागून हॉर्न वाजला आणि गाडी जराशी डगमगली. डगमगला तोच होता, इंजिन नव्हतं.

"अहो," बायको आरशात पाहून कानाशी ओरडली, "डोळे उघडा!"

त्याने उघडले. समोर उजेडाचं भोक मोठं होत होतं. तेव्हा कुठे तिचा हात खांद्यावर पडला, आणि चांगला चिमटा बसेपर्यंत आवळला गेला. तीही घाबरली होती. सोमवारपासून घाबरली होती, हे त्याला तेव्हा कळलं.

बंदराच्या फाटकाशी ती उतरली. ती हेल्मेटचा पट्टा सोडण्यात उगाच वेळ लावत राहिली.

"संध्याकाळी घ्यायला या," ती म्हणाली. "आणि आता जाताना दिवा लावून जा."

ग्रंथपालाने मान डोलावली. त्याला परत त्याच बोगद्यातून, एकट्याने, जायचं होतं. ती फाटकातून दिसेनाशी होईपर्यंत तो थांबला आणि मग आणखी थोडा वेळ थांबला.