नखावरची खूण

वय लांबवण्याच्या त्या केंद्रात तिला सगळे ‘नखवाली’ म्हणत आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. चेहरा खोटं बोलायला शिकतो, नख मात्र कुणाच्या बापाचं ऐकत नाही, असं तिचं ठाम मत होतं. तारुण्याचे थेंब घ्यायला आलेल्या प्रत्येकाच्या अंगठ्याच्या नखावर, मुळाशी, ती बारीक कानशीने एक रेघ ओढी आणि महिन्याने भिंगाखाली धरून ती रेघ किती पुढे सरकली ते मोजी. साध्या माणसाची तीन मिलिमीटर सरकते. थेंब लागू पडले तर दोन, फारच लागू पडले तर एक. तेवढा आकडा कागदावरच्या चौकोनात भरला की तिचं काम संपलं.

नवऱ्याला तिनेच तिथे आणलं. तो सुतार होता, घरामागच्या शेडमध्ये काम करायचा. त्यांची नऊ वर्षांची मुलगी जाऊन आठ महिने झाले होते, आणि तेवढ्यात त्याचे केस पांढरेफटक झाले, जिना चढताना तो कठड्याला धरू लागला. हाही हातचा जाईल, ही भीती तिला सोडेना.

मुलगी शाळेच्या सहलीला गेली आणि बस उलटली. दुपारी फोन आला तेव्हा तो तिच्यासाठीच पुस्तकांचं कपाट करत होता. बायकोने शेडच्या दारातून सांगितलं आणि उचललेला हातोडा खिळ्याऐवजी अंगठ्यावर बसला. नखाखाली रक्त साकळलं. तो काळा डाग नखाबरोबर वाढत वाढत टोकाला आला आणि एके दिवशी कापला गेला. तो तुकडा केरात टाकायला तिचा हात धजला नाही. कागदाची पुडी करून तिने तो शिवणाच्या डब्यात ठेवला. तिच्या मनात मात्र वेगळंच काही सलत होतं. सहलीच्या सकाळी मुलीला कणकण होती. “आज नको जाऊस,” असं ती म्हणाली होती, पण मुलीने भोकाड पसरलं, आणि ते रडणं ऐकवेना म्हणून ती दारातून बाजूला झाली होती.

पहिल्या महिन्यात नवऱ्याच्या नखावरची रेघ सापडेचना. तिने दुसरी ओढली, या वेळी मधोमध. महिन्याने ती तीन मिलिमीटर सरकलेली होती, पण टोकाकडे नव्हे, मुळाकडे. तिने तीनतीनदा मोजलं आणि कागद केंद्राच्या डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला.

“उणे तीन?” बाई हसल्या. “नखवाली, पट्टी उलटी धरलीस. चौकोनात उणेला जागा तरी आहे का?”

खरंच नव्हती. तिसऱ्या महिन्यात त्याच्या नखाच्या टोकाशी काळा ठिपका उमटला. घरी आल्यावर तिने शिवणाचा डबा उघडला. पुडीची घडी जशीच्या तशी होती आणि आत काही नव्हतं. मग उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने बोटाने महिने मोजले, डाग मुळाशी पोचायला पाच लागणार होते.

दुसऱ्या दिवशी तिने चौकोनात ‘एक’ भरलं. इतका गुण क्वचितच कुणाला येई, त्यामुळे बाई खूश झाल्या आणि थेंब चालू राहिले.

त्याचे केस मुळापासून काळे होत गेले. गल्लीतले लोक तिची थट्टा करत, म्हणत, आता नवऱ्यावर नजर ठेव. पण लोकांचं दुःख दिवसागणिक बोथट होतं, त्याचं धारदार होत चाललं होतं. आधी तो नुसता गप्प असे, मग जेवता जेवता रडू लागला, मग मुलीचा फ्रॉक तोंडावर घेऊन पडून राहू लागला. एक खरा आकडा भरला असता तर थेंब थांबले असते, हे तिला कळत होतं. त्याचे हाल तिला पाहवत नव्हते, आणि तरी दर महिन्याला ती ‘एक’ भरत राहिली.

डाग मुळाशी टेकला त्या दिवशी तिने रजा घेतली. दुपारी शेडमधून त्याची किंकाळी आली. तो अंगठा मुठीत धरून जमिनीवर बसला होता, आणि नुकतंच ऐकावं तसा हंबरडा फोडत होता. तिने त्याला छातीशी धरलं. “थोडंच राहिलंय,” ती पुटपुटली.

सकाळी ती उठली तेव्हा तो आधीच उठलेला होता. नख स्वच्छ होतं. शीळ घालत त्याने छोटी बाटली पाण्याने भरली, दाराशी गुडघे टेकून बसला आणि हवेत कसलातरी पट्टा ओढून बसवू लागला.

“हलू नकोस गं. बस निघून जाईल ना.”

ती जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिली.

“आज नको पाठवूस.”

“अगं, सगळ्या मैत्रिणी चालल्यात तिच्या. सर तू बाजूला.”

“कणकण आहे तिला.”

त्याने खाली, आपल्या हाताशी पाहिलं, आणि त्याचा चेहरा कळवळला. “झालं! बघ, लागली ना रडायला.”

“रडू दे,” ती म्हणाली.

दाराची कडी तिने पाठीमागे दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. पुन्हा एकदा वाजला, आणि मग बस निघून गेली. ती जागची हलली नाही.

हळूहळू रडणं हुंदक्यांवर आलं आणि थांबलं. आपण ते ऐकत होतो, हे तिला ते थांबल्यावर कळलं.